४५ दिवसांचं रिनोव्हेशन चार महिने का चालतं, आणि वेळापत्रक आधीच कसं बांधायचं

"४५ दिवसांत चावी हातात देतो," असं कॉन्ट्रॅक्टर सांगतो तेव्हा तो सहसा खोटं बोलत नसतो. वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके घ्या. साडेसहाशे चौरस फूट कार्पेट, दोन बाथरूम, किचन, घरभर नव्या लाद्या, नवीन वायरिंग, कपाटं, रंग. माणसांचे हात प्रत्यक्ष चालतात तेवढे दिवस मोजले तर हिशोब ४५-५०च्या आसपासच येतो. तरी चावी मिळायला चार महिने लागतात, कारण मधले दिवस वाट पाहण्यात जातात. गवंड्याचं झालं, पण प्लंबर दुसऱ्या साइटवर आहे. प्लंबर आला, पण डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग) कुठल्या कंपनीचा हे ठरलेलं नाही. ठरला, तर दुकानात स्टॉक नाही. स्टॉक आला, तर खालच्या मजल्यावर पूजा आहे म्हणून आज ड्रिल बंद.

म्हणून कोणतं काम किती दिवस चालेल हे विचारून थांबू नका. एक कारागीर घराबाहेर पडल्यावर दुसऱ्याला आत येण्यासाठी काय काय तयार लागेल, ते विचारा. वेळापत्रक तिथे बसतं किंवा फसतं. हा लेख पहिल्यांदाच घर फोडायला निघालेल्यांसाठी आहे आणि मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतला सोसायटीमधला फ्लॅट गृहीत धरला आहे. बंगल्याचं गणित थोडं वेगळं. तिथे सोसायटी नसते, पण पाऊस जास्त आत येतो.

आधी कॅलेंडरवरचा हिशोब

कॉन्ट्रॅक्टर सांगतो ते दिवस कामाचे असतात. आठवड्याला सहा धरले तरी ४५ दिवसांचे साडेसात आठवडे होतात, म्हणजे सण-सुट्ट्या धरण्याआधीच दोन महिने गेले. त्यात सोसायटीची वेळ आली. बऱ्याच ठिकाणी तोडफोड आणि ड्रिलिंगला सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा एवढीच मुभा असते, रविवारी पूर्ण बंदी. म्हणजे दिवसाचे पाच तास. मोकळ्या बंगल्यात चार दिवसांत उरकणारी तोडफोड इथे आठवडा खाते आणि त्यात कुणाचीही चूक नसते.

वर सांगितलेल्या फ्लॅटसाठी मी साधारण असा आराखडा धरेन:

तोडफोड आणि राडारोडा खाली नेणं – १ आठवडा
भिंतींचे बदल, झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा), पाण्याच्या आणि वायरिंगच्या पाइपलाइनी, गिलावा – २ ते ३ आठवडे
वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून तपासणी – दीड आठवडा
लाद्या आणि किचनचा ओटा – ३ आठवडे
फॉल्स सीलिंग – १ ते दीड आठवडा
सुतारकाम – ५ ते ६ आठवडे
रंग – ३ आठवडे
फिटिंग, सफाई, राहिलेलं किरकोळ – १ ते २ आठवडे

यातलं सुतारकाम काही दिवस सीलिंगबरोबर आणि रंगाच्या पहिल्या हातांबरोबर चालू शकतं. एकमेकांवर चढणारी ही कामं वजा केली तर १४ ते १६ आठवडे उरतात. सासूबाईंना आणि ऑफिसात सांगायचा आकडा हा. कुणी आठ आठवडे म्हणाला, तर कशाच्या जोरावर ते आठवड्यागणिक लिहून मागा. लिहायला बसल्यावर आकडा आपोआप वाढतो.

भाड्याच्या घरात राहून काम करणार असाल तर हा आकडा तिथेही लागतो. लिव्ह अँड लायसन्सचे करार आपल्याकडे बहुतेक ११ महिन्यांचे होतात आणि तीन महिन्यांसाठी घर द्यायला मालक सहसा राजी नसतो. राजी झालाच तर पुढे एकेक महिना वाढवता येईल असं कलम आधीच घालून घ्या. "आम्ही दोन महिन्यांत जातोच" म्हणून राहिलेली कुटुंबं शेवटी अर्धवट रंग दिलेल्या घरात, किचन नसताना राहायला येतात. मग माणसं घरात, सामान घरात, कारागीरही घरात. काम निम्म्या वेगाने चालतं आणि धूळ दुप्पट उडते.

पहिली पायरी: कोणत्या भिंतीला हात लावायचा ते नक्की करा

आतली भिंत पाडून हॉल मोठा करायचा, हे बहुतेकांच्या मनात असतं. बीम-कॉलमच्या इमारतीत आतल्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या विटांच्या असतात आणि त्या काढता येतात. मात्र दोन प्रकारच्या इमारतींत हे चालत नाही. एक म्हणजे जुन्या, कॉलम नसलेल्या, भिंतींवरच स्लॅब टेकलेल्या इमारती. दुसऱ्या म्हणजे गेल्या काही वर्षांतले मिवान शटरिंगचे टॉवर, ज्यांच्या भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार घेतात. या भिंती पाडायच्या तर नाहीतच, पण त्यांत वायरिंगसाठी खोल झिऱ्या मारणंही टाळायचं असतं. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेल्यांना हे काम सुरू झाल्यावर कळतं आणि मग सगळं इलेक्ट्रिकल डिझाइन नव्याने करावं लागतं. त्यात दोन आठवडे सहज जातात. बिल्डरने दिलेला नकाशा काढा आणि शंका असेल तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. त्याच्या एका भेटीची फी या दोन आठवड्यांच्या भाड्यापेक्षा कमीच असते.

लाद्या, रंग, जुन्या पाइपच्या जागी नवे पाइप अशा किरकोळ दुरुस्तीला महापालिकेकडे जावं लागत नाही. भिंतींची रचना, बाथरूमची जागा किंवा खिडकीचा आकार बदलत असेल, तर आर्किटेक्टमार्फत परवानगीचा विषय येतो. बाथरूम सरकवून खालच्याच्या किचनवर किंवा देवघरावर आणायचा विचार असेल तर तो कागदावरच सोडून द्या. सोसायटी अडवणार, आणि तिचं बरोबरच आहे.

दुसरी पायरी: सोसायटी

सोसायटीची एनओसी म्हणजे सेक्रेटरीला पाठवलेला एक मेसेज, अशी समजूत असते. प्रत्यक्षात अर्ज कमिटीच्या मीटिंगमध्ये जातो आणि मीटिंग बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा होते. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी अर्ज दिलात तर चार आठवडे तिथेच गेले. म्हणून कॉन्ट्रॅक्टर ठरायच्याही आधी अर्ज द्या. सोबत कामांची यादी, बदल दाखवणारं रेखाटन आणि संभाव्य तारखा जोडा. कामगारांची नावं आणि ओळखपत्रं नंतर दिली तरी चालतात.

अर्ज देतानाच या गोष्टी विचारून घ्या: डिपॉझिट किती, आवाजाच्या वेळा काय, लिफ्ट सामानासाठी मिळणार का आणि कधी, राडारोड्याच्या गोण्या कुठे आणि किती दिवस ठेवता येतील, सुट्टीचे दिवस कोणते. लिफ्टचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. प्लायवुडची शीट आठ बाय चार फुटांची असते आणि ती बहुतेक जुन्या लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने चढवायची तर माळ्यागणिक मजुरी लागते. सातव्या मजल्यावर चाळीस शीट चढवणं हे एका माणसाचं एका दुपारचं काम नाही, आणि ते कुणाच्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आणखी एक चौकशी करा, जी फारसं कुणी करत नाही: इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ऑडिटमध्ये मोठी दुरुस्ती निघालेली असेल, बाहेरून परांची बांधायची असेल किंवा ड्रेनेजच्या उभ्या लाइनी बदलायच्या ठरल्या असतील, तर ते आधी होऊ द्या. तुमच्या नव्या बाथरूममधून सहा महिन्यांनी सोसायटीचा प्लंबर उभा पाइप बदलायला आला तर त्याला टाइल फोडावीच लागेल. पुनर्विकासाची चर्चा चालू असेल तर रिनोव्हेशनचा विचारच पुन्हा करा.

राडारोड्याची विल्हेवाट ज्याच्या घरातून तो निघतो त्याच्याच गळ्यात आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांपासून हे स्पष्ट आहे. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतरत्र कॉन्ट्रॅक्टर टेम्पो लावतो. टेम्पो कुठे रिकामा करणार ते विचारा, आणि गोण्या रोजच्या रोज खाली जातील असं ठरवा. घरात ढीग साठला की पुढच्या माणसाला उभं राहायला जागा नसते.

तिसरी पायरी: फोडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

सगळ्यात जास्त दिवस इथे वाचतात, म्हणून या पायरीवर रेंगाळा. सहा ते आठ आठवडे दिलेत तरी हरकत नाही. घर अजून शाबूत असतं आणि कुणाची मजुरी चालू नसते.

नवख्यांना वाटतं, नळ आणि शॉवर शेवटी बसतात तर शेवटी घेऊ. पण शॉवरच्या डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत, गिलाव्याच्या आधी बसते. भिंतीला टांगलेला कमोड घेणार असाल तर त्याची कन्सील्ड टाकीही तशीच आत जाते. म्हणजे बाथरूम फिटिंगची कंपनी आणि मॉडेल तोडफोडीच्या दिवशी ठरलेलं हवं, आणि आतले भाग तोडफोड संपेपर्यंत घरात आलेले हवेत. बाहेरची चकचकीत झाकणं नंतर आणा. ती आधी आणली तर हरवतात किंवा त्यांच्यावर ओरखडे पडतात.

किचनचंही तसंच आहे. चिमणी कुठे, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) की साधी शेगडी, वॉटर प्युरिफायर ओट्याच्या वर की खाली, डिशवॉशर आत्ता नाही पण पुढे घेणार का, मिक्सर रोज कुठे चालतो, फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडतं. ही उत्तरं नसतील तर इलेक्ट्रिशियन अंदाजाने पॉइंट काढून ठेवतो, आणि टाइल बसल्यावर "इथे एक पॉइंट हवा होता" हे वाक्य येतं. त्या एका वाक्यासाठी टाइल फुटते. तीच टाइल आणायला दुकानात जावं लागतं, आणि इलेक्ट्रिशियन, गवंडी, रंगारी या क्रमाने तिघांना परत बोलवावं लागतं. घरी जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला रिकाम्या किचनमध्ये उभं करा आणि भिंतीवर खडूने पॉइंट काढून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. नवऱ्याने ऑफिसातून फोनवर उत्तरं देऊ नयेत.

एसी कोणत्या भिंतीवर येणार आणि बाहेरचं युनिट कुठे बसणार हे सीलिंगच्या आधी ठरतं, कारण तांब्याची पाइप आणि पाणी जाणारी ड्रेन पाइप आतून न्यायची असते आणि ड्रेनला उतार लागतो. एसी, ओव्हन, गीझर, इंडक्शन असा एकूण भार जुन्या मीटरच्या मंजूर भारापेक्षा वाढत असेल तर वीज कंपनीकडे वाढीव भाराचा अर्जही आत्ताच करा.

लाद्यांबद्दल दोन गोष्टी. दुकानात दिसलेली टाइल गोदामात आहे का ते विचारा. आपल्याकडचा बराचसा माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो आणि स्टॉकमध्ये नसलेल्या डिझाइनसाठी पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. दुसरं, सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का ते खोक्यावरचा शेड नंबर वाचून तपासा, आणि मोजणीपेक्षा आठ ते दहा टक्के जास्त माल घ्या. कमी पडलेल्या तीन खोक्यांसाठी दुसऱ्या बॅचची टाइल आणली तर रंगातला फरक रोज डोळ्यांत सलतो. तो सलू नये म्हणून लोक जुन्याच बॅचच्या शोधात आठवडे घालवतात.

मग एक साधी वही किंवा शीट करा. त्यात तीन रकाने पुरतात: वस्तू, ती घरात कोणत्या तारखेला लागते, आणि त्यासाठी निर्णय कधी व्हायला हवा. दुकानदार "दहा दिवस" म्हणाला तर वहीत १५ लिहा.

सगळंच आधी ठरत नाही, हे खरं. पडदे, दिव्यांची शेड, कपाटाच्या मुठी यांना वेळ आहे. बेडरूमच्या रंगावर घरात एकमत होत नसेल तर तोही वाद तीन महिने पुढे ढकला. पण भिंतीच्या आत जाणारी एकही गोष्ट मागे ठेवू नका.

चौथी पायरी: कॉन्ट्रॅक्टर, पैसे आणि कागद

काम उक्तं, म्हणजे मालासकट, द्यायचं की मजुरीवर, हा पहिला प्रश्न. मजुरीवर दिलं तर माल आणायची जबाबदारी तुमची. सिमेंटची दोन पोती कमी पडली तरी दिवस तुमच्यामुळे बुडाला. मालासकट दिलं तर धावपळ वाचते, पण कोणता माल वापरला यावर लक्ष ठेवावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी मधला रस्ता सुचवेन: सिमेंट, वाळू, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, प्लाय हे कॉन्ट्रॅक्टरकडे, कंपनी आणि प्रत लिहून देऊन. टाइल्स, फिटिंग, दिवे, लॅमिनेट तुमच्याकडे.

कॉन्ट्रॅक्टर एका वेळी तीन-चार साइट चालवतो, कारण एका घराच्या कामावर त्याची टोळी पोसली जात नाही. तुमच्या घरी टाइल आली नाही म्हणून दोन माणसं बसून राहिली तर त्यांची मजुरी त्याच्या खिशातून जाते. मग तो त्यांना दुसऱ्या साइटवर नेतो, आणि तिथलं हातातलं काम टाकून ती दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. तुमच्या एका दिवसाच्या उशिराचे चार-पाच दिवस असे होतात. यात कुणी कुणाला फसवत नाही, पण दोन्हीकडे राग मात्र साचतो.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा. सुरुवातीला १० टक्के, मग तोडफोड आणि पाइपलाइनी झाल्यावर, वॉटरप्रूफिंगची तपासणी पास झाल्यावर, लाद्या संपल्यावर, सुतारकाम अर्धं आणि पूर्ण झाल्यावर, रंगानंतर. शेवटचे १० टक्के किरकोळ दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. "कामगारांना गावाला जायचंय, थोडी उचल द्या" ही मागणी येणारच. माणुसकी म्हणून द्याही, पण झालेल्या कामाच्या पुढे पैसे गेले की तुमची साइट त्याच्या यादीत खाली सरकते.

करार स्टॅम्पपेपरवरच हवा असं नाही. कामाची यादी, मालाची प्रत, टप्पे, तारखा आणि वाढीव कामाचा दर एवढं दोघांच्या सह्यांनिशी कागदावर असलं तरी निम्मी भांडणं टळतात. वाढीव कामासाठी एकच नियम ठेवा: आधी दर आणि लागणारे जास्तीचे दिवस लिहून, मग काम. "आता करतोच आहोत तर बाल्कनीतही टाइल लावू" हे पाच मिनिटांत ठरतं आणि आठवडा घेऊन जातं.

पाचवी पायरी: सुरुवातीचा मुहूर्त

"गणपतीच्या आत" आणि "दिवाळीच्या आत" या आपल्याकडच्या दोन लोकप्रिय मुदती. दोन्ही अडचणीच्या. गणपतीच्या आत म्हणजे काम जून ते ऑगस्टमध्ये, भर पावसात. या दिवसांत गवंडीकाम आणि प्लंबिंग चालतं, पण पुट्टी वाळत नाही, भिंतीतली ओल निघत नाही आणि लाकूड फुगतं. ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग पुढच्या वर्षी पापुद्र्यांनी सुटतो. दिवाळीच्या आत म्हणाल, तर दसऱ्यापासून अख्ख्या शहराला रंगारी हवा असतो.

कारागिरांचे सणही कॅलेंडरवर लिहा. सुतार, पीओपीवाले, रंगारी यांतले बरेच जण उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे असतात. होळीला आणि दिवाळी-छठला ते गावी जातात आणि गेलेला माणूस आठ दिवसांत परतत नाही. कोकणातला गवंडी किंवा प्लंबर शिमगा आणि गणपतीत मिळत नाही. मराठवाड्याकडचे मजूर पेरणीच्या सुमारास घरी जातात. एप्रिल-मे लग्नसराई. कुणाचं लग्न आणि कोणत्या आठवड्यात, हे टोळीच्या मुकादमाला सुरुवातीलाच विचारा. तो खरं सांगतो, विचारलं तर.

माझ्या मते सगळ्यात सोयीची सुरुवात दिवाळीनंतर, छठ आटोपून माणसं परतली की. नोव्हेंबरच्या अखेरीस तोडफोड केली तर ओली कामं डिसेंबरात होतात, कोरड्या हवेत गिलावा नीट वाळतो, होळीआधी सुतारकाम संपत येतं आणि रंग मार्चमध्ये. गुढीपाडव्याला घरात जायचा बेत अशा वेळी शक्यतेच्या कोटीत असतो. तरी वास्तुशांतीची पत्रिका छापायची घाई करू नका. तारीख रंगाचा पहिला हात पूर्ण झाल्यावर गुरुजींना विचारा. पितृपक्षात अनेक जण नवं काम सुरू करत नाहीत. तुमचा विश्वास नसला तरी दुकानं आणि कारागीर त्या पंधरवड्यात मोकळे असतात, एवढा त्याचा फायदा घ्या.

सहावी पायरी: साइटवरचा क्रम आणि वाळण्याचे दिवस

क्रम सोपा आहे. आधी तोडफोड, मग भिंतीच्या आतलं सगळं, मग ओलं, मग कोरडं, शेवटी रंगाचा अंतिम हात. अडतं ते वाळण्याच्या दिवसांवर. घरात शिरलं की कुणीच काम करताना दिसत नाही, आणि मालक अस्वस्थ होऊन पुढचा माणूस आत ढकलतो.

गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर रंग लावण्याआधी साधारण २८ दिवस जाऊ द्यायचे. हे दिवस वाया जात नाहीत, कारण तोवर लाद्या आणि सुतारकाम चालू असतं. पण गिलाव्याचा एखादा तुकडा मागे राहिला आणि तो रंगाच्या आठवडाभर आधी भरला, तर नेमका तिथेच डाग उठतो. म्हणून गिलावा एकदम, सगळीकडचा.

पाइपलाइनी झाल्या की गिलाव्याआधी पंपाने दाब देऊन तपासून घ्या आणि प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे आरसा टांगायला ड्रिल मारताना हेच फोटो कामी येतात.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमध्ये मात्र एक दिवसही कापू नका. जुना कोबा खरवडून स्लॅबपर्यंत जायचं, नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जागा) आणि पाइपभोवतीच्या फटी भरायच्या, केमिकलचे हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. मग ट्रॅप बंद करून पाणी भरायचं आणि किमान ४८ तास, शक्य असेल तर ७२ तास ठेवायचं. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवा. पाणी भरण्याआधी खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताचा फोटो काढा आणि नंतर पुन्हा पाहून या. जुन्या इमारतींत तुमच्या बाथरूमचे ड्रेनेज पाइप बऱ्याचदा खालच्यांच्या छताखालून जातात, म्हणजे प्लंबरला त्यांच्या घरात जावंच लागतं. ते कोणत्या दिवशी घरी आहेत, गावाला कधी जाणार, हे आधीच विचारलेलं बरं. खालचं कुलूप बंद असल्यामुळे अडलेली बाथरूमं थोडी नाहीत. जाताना पेढे न्या, तक्रार यायच्या आधी.

मॉड्युलर किचन आणि कारखान्यात बनणारी कपाटं यांचं अंतिम माप लाद्या आणि ओटा झाल्यावरच घेतलं जातं, कारण जुन्या घरात भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, नसतात आणि दोन सूत फरकानेही शटर अडतं. मापानंतर माल यायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे लाद्यांच्या कामात पहिला नंबर किचनचा लावा, हॉलचा नाही. किचनचं माप गेलं की उरलेल्या घराचं काम त्या चार-सहा आठवड्यांत मावतं. हे उलट केलं की सगळं घर तयार आणि किचनची भिंत उघडी, अशी अवस्था येते.

खिडक्यांचंही माप ग्रॅनाइटची चौकट बसल्यावर घेतात. सीलिंग बंद करण्याआधी वरच्या घरातून गळती नाही ना ते पाहा. छतावर जुना डाग असेल तर तो पीओपीने झाकू नका. वरच्या मजल्यावरची दुरुस्ती होईपर्यंत ती एक खोली मागे ठेवा आणि बाकी सीलिंग पुढे न्या. रंगाचा शेवटचा हात सगळं फिटिंग झाल्यावर. सुतार घरात असेपर्यंत अंतिम हात देणं म्हणजे तो पुन्हा द्यायची तयारी करणं.

सातवी पायरी: जुन्या घरात काय निघेल

तोडफोडीच्या आठवड्यात काहीतरी निघतंच. गंजून बारीक झालेले जुने लोखंडी पाइप, पोकळ झालेला गिलावा, बाथरूमच्या स्लॅबच्या गंजलेल्या सळया, जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर. काही गोष्टी आधी कळू शकतात. भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत फिरा, पोकळ आवाज येतो तिथला गिलावा जाणार. नळाला सकाळी पहिलं पाणी लालसर येत असेल तर पाइप गेले आहेत. सळया उघड्या पडल्या तर गवंड्याकडून सिमेंट थापून घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. या सगळ्यासाठी खर्चात १५ ते २० टक्के आणि वेळेत दोन आठवडे वेगळे ठेवा. ते दोन आठवडे कॉन्ट्रॅक्टरला सांगू नका.

आठवी पायरी: काम चालू असताना

रोज एकदा साइटवर जा, शक्यतो सकाळी, कारागीर यायच्या वेळी. संध्याकाळी गेलात तर झालेलं पाहता, सकाळी गेलात तर आज काय अडणार आहे ते कळतं. प्रश्न एकच पुरतो: "उद्या आणि परवा कोण येणार, आणि त्याला काय लागेल?" घर पुण्यात आणि मालक सिंगापूर किंवा न्यू जर्सीत, असं आता पुष्कळ घरांत असतं. अशांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवर विसंबू नये. फोटो नेहमी चांगल्या कोपऱ्याचा येतो. जवळचा विश्वासू माणूस किंवा पगारी सुपरवायझर ठेवा आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा.

सूचना एकाच माणसाने द्याव्यात आणि त्या कॉन्ट्रॅक्टरला द्याव्यात, कारागिराला नाही. सकाळी काका येऊन कपाट भिंतभर करायला सांगतात, दुपारी वहिनी ते अर्धं ठेवायला सांगतात, आणि सुतार दोघांनाही "हो" म्हणून चहाला जातो.

शेवटचे दहा टक्के

सगळ्यात रेंगाळतो तो हा टप्पा. मोठं काम संपलेलं असतं, टोळी दुसरीकडे गेलेली असते आणि दोन मुठी, एक गळका नळ, एका स्विचचं झाकण यांसाठी कुणी येत नाही. रोज एकेक तक्रार फोनवर सांगू नका. एक पूर्ण दिवस काढून यादी करा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे जातं का पाहा. प्रत्येक पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. प्रत्येक शटर आणि ड्रॉवर उघडा. एसी तासभर चालवून ड्रेनचं पाणी बाहेर पडतं का बघा. लाद्यांवर नाणं टिचकावत फिरा, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. ही एकच यादी कॉन्ट्रॅक्टरला द्या. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार आणि रंगाऱ्याने टचअपसाठी कोणत्या दिवशी यायचं तेही त्याच यादीत लिहा, आणि राखून ठेवलेले १० टक्के यादी पूर्ण झाल्यावर द्या.

सोसायटीचं डिपॉझिट मागायला जाण्याआधी जिना आणि लिफ्ट पुसून घ्या. उरलेल्या टाइल्सची दोन खोकी माळ्यावर ठेवा. रंगाचे शेड नंबर, लॅमिनेटचे कोड, फिटिंगची बिलं आणि गॅरंटी कार्डं एका पाकिटात घाला, आणि भिंतीतल्या पाइपांचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.